संपादकांच्या टेबलावरचे तीन फोन

६ जानेवारी

काम घेतले. बाबांच्या जुन्या नाटकाचे.

मी जन्मायच्या आधी हे नाटक खूप चालले होते. संध्याकाळी निघणाऱ्या एका वर्तमानपत्राचे कार्यालय. जिवंत असलेल्या ठेकेदाराच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापून येते आणि तो ठेकेदार फोन करतो. मग वर्तमानपत्राचे मालक फोन करतात. घरून बायको फोन करते. संपादकांच्या टेबलावर तीन फोन असतात आणि तीन अंक त्या तीन फोनांवर चालतात. तेव्हा बाबा त्यात पोरगेला बातमीदार होते. आता संपादक आहेत. जुन्या संचातले तेवढे एकच उरले, म्हणून जाहिरातीत त्यांचा फोटो सगळ्यांत मोठा.

ध्वनीची जबाबदारी माझी. दिग्दर्शक माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. म्हणाला, "तुमचं नाव सरांनीच सुचवलं. म्हणाले, घंट्या माझ्या मुलीनंच करायच्या."

हे मला पटत नाही. गेली दोन वर्षे बाबा माझा फोन घेत नाहीत. मी केला की आत्या उचलते. "दादा बाहेर गेलाय गं." "दादा आंघोळीला गेलाय." इतक्या आंघोळी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलीशी बोलायचे नाही आणि तिला कामाला मात्र बोलवायचे, यामागे काहीतरी असणार. काय ते कळेल.

९ जानेवारी

दिग्दर्शकाचे म्हणणे असे की आजच्या प्रेक्षकांनी असले फोन पाहिलेले नाहीत. कोणता फोन कोणाचा हे त्यांना कानाने कळले पाहिजे, तेही पहिल्याच प्रवेशात. ते बरोबर आहे.

मी तीन घंट्या तयार केल्या. मालकांची बारीक, टोकदार, पट्टीच्या वरच्या टोकाची. ऐकली की दात आंबावेत अशी. ठेकेदाराची मधली, साधी. घरच्या फोनची खालची, घशात गुरगुरल्यासारखी. तिन्ही खऱ्या यंत्रांवरून ध्वनिमुद्रित करून साफ केल्या.

दिग्दर्शकाला आवडल्या. बाबांनी हेडफोन लावून ऐकल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "छान." मग थोड्या वेळाने, "आमच्या वेळी घंटा टेबलातच बसवलेली असायची. हात ठेवला की कळायचं."

मी सांगितले, टेबलातली घंटा शेवटच्या रांगेत ऐकू जात नाही.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हल्ली सगळ्यांच्याच तोंडाकडे असे टक लावून बघतात, जणू समोरचा खोटे बोलतोय. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं."

बाबांनी "तू म्हणशील तसं" म्हटल्याचे मला आठवत नाही. सावध राहायला हवे.

१४ जानेवारी

घंट्यांसकट पहिली तालीम. वाईट झाली.

पहिल्या अंकात मालकांचा फोन वाजतो, संपादक दचकून उभे राहतात आणि उभ्यानेच बोलतात. आज मालकांचा फोन वाजला, वाजत राहिला, आणि बाबा बसून पेन्सिलीला टोक करत राहिले. उपसंपादकाचे काम करणाऱ्या नटाने शेवटी पदरचे वाक्य घातले : "साहेब, मालक असतील. एवढा वेळ आपली कोण वाट बघणार?" सगळे हसले. बाबांनी मग फोन उचलला.

हे चारदा झाले. ठेकेदाराचा फोन कधी वेळेवर, कधी उशिरा. घरचा फोन मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही. गुरगुर सुरू झाली की हात लगेच तिकडे.

म्हणजे ऐकू न येण्याचा प्रश्नच नाही. ज्या घंटीवर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली, नेमकी तीच त्यांना मान्य नाही. तोंडाने "छान" आणि कृतीने हे.

तालीम संपल्यावर मी त्यांना मागून हाक मारली. दोनदा. ते न वळता चालू लागले. आत्या कपड्यांचे गाठोडे घेऊन दारात उभी होती, तिने त्यांचा दंड धरून त्यांना माझ्याकडे वळवले. तेव्हा म्हणाले, "अरे, तू आहेस अजून?"

नाटकात चांगले आहेत, यात शंका नाही.

१७ जानेवारी

मालकांची घंटी आणखी वर नेली, आवाजही वाढवला. आता तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही शक्य नाही. टायपिस्टचे काम करणाऱ्या बाईने कानावर हात ठेवले. म्हणाली, "बाई गं, मालक आहे की डास?"

बाबांनी दुर्लक्ष केले.

२१ जानेवारी

आज नाट्यगृहात स्पीकर बसवले. सगळे स्पीकर नीट बोलतात की नाही हे बघायला एक सूर खालून वरपर्यंत सरकवत नेतात. खाली घुमतो, मधे शिट्टीसारखा होतो, वर जाऊन सुईसारखा टोचतो. मी तो सोडला तेव्हा नटमंडळी खुर्च्यांत बसून चहा पीत होती.

वरच्या टोकाला दिग्दर्शक ओरडला, "अहो, बंद करा!" टायपिस्टने डोके ओढणीत खुपसले. उपसंपादकाच्या हातून चहा सांडला. सुतार शिडीवरून शिव्या देऊ लागला.

दुसऱ्या रांगेत बाबा संहिता वाचत होते. त्यांनी पान उलटले. चहाचा घोट घेतला. भुवईसुद्धा हलली नाही. मग आजूबाजूला सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि उशिराने, अगदी व्यवस्थित, कानावर हात ठेवले. तोपर्यंत मी सूर बंद केलेला होता.

हे माझ्याकडे बघून केले. मला चिडवायला. एवढा ताबा आणि एवढा राग एका माणसात कसा मावतो?

२७ जानेवारी

काहीतरी शिजते आहे.

उपसंपादकाच्या टेबलावर एक हिरवा दिवा आहे. नेपथ्याचा भाग, पूर्ण नाटकभर तेवत ठेवायचा. गेले काही दिवस तो मधेच विझतो आणि पेटतो. आधी वाटले, जोडणी सैल आहे. तपासली. जोडणी पक्की आहे. उपसंपादक स्वतः बटण दाबतो.

विचारले.

"ते होय? माझं पात्र जरा कमी दिसणारं आहे," तो म्हणाला. "दिवा लावून बघतं, विझवून बघतं."

"संहितेत तसं नाही."

"नटानं भर घालायची असते, ताई. नाहीतर पुस्तक वाचलेलं काय वाईट?"

टायपिस्टही ठरावीक जागी टाइप करायचे थांबते आणि बाबांकडे बघते. आत्या पूर्वी या नाटकाची प्रॉम्प्टर होती. आता कपड्यांचे बघते. पण ती शिवण घेऊन बसते ती थेट बाबांच्या समोरच्या विंगेत, आणि तिचे ओठ हलत असतात. आवाज नसतो. मी जवळ गेले की ओठ थांबतात आणि सुई चालू होते.

आज मेकअपच्या खोलीबाहेर टायपिस्टचे वाक्य कानावर पडले : "तिला कळलं तर संपलंच."

आत्याचे उत्तर : "तिला तर मुळीच कळायला नको."

मी आत गेले. दोघी एका सदऱ्याच्या बटणाबद्दल अतिशय मनापासून बोलू लागल्या.

३० जानेवारी

आता उलटे सुरू झाले आहे. बाबा मालकांचा फोन घंटीच्या आधी उचलतात. थोडेसेच आधी, पण आधी. दिवा विझतो, पेटतो, बाबा उठतात, "साहेब!" म्हणतात, आणि मग माझी घंटी वाजते. प्रेक्षकाला वाटणार, घंटी वाजवणारी झोपली होती.

दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर सांगितले, "तुमची घंटी उशिरा येतेय."

उशिरा येत नाही. संहितेत ज्या शब्दावर आहे, त्याच शब्दावर येते. मी तालमीचे मुद्रण पुन्हा ऐकून खात्री केली. पण हे सांगायला गेले तर बाप-लेकीचे भांडण म्हणून लोक मजा बघणार. मी गप्प राहिले. बाबा त्या वेळी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी शरम म्हटले असते, पण शरम वाटण्याचे त्यांना कारण काय?

माझा अंदाज असा. बाबांना मुद्रित आवाज नको आहेत, विंगेत बसून हाताने घंटा वाजवणारा माणूस हवा आहे. ते उघड म्हणता येत नाही. म्हणून सगळ्यांना हाताशी धरून माझे काम नासवायचे आणि मला आपणहून निघून जायला लावायचे. मुलीला त्यांनीच आणले होते, त्यामुळे त्यांच्यावर कोणी संशयही घेणार नाही.

यात एकच गोष्ट बसत नाही. उपसंपादकाला काय मिळते?

३ फेब्रुवारी

दिग्दर्शकाने मला चहाच्या टपरीवर नेले. आजूबाजूला आपल्यापैकी कोणी नाही हे आधी पाहिले.

"स्पष्ट विचारतो. हा घोळ यंत्रात आहे की सरांत?"

मी म्हणाले, यंत्रात नाही.

"मग सरांत. वय झालंय, मी समजू शकतो. पण तीन फोनांचं नाटक आहे. संपादकच फोनात चुकला तर प्रेक्षक पात्राला नाही, नटाला हसेल. ते मला बघवणार नाही." तो चहात चमचा फिरवत राहिला. "उपसंपादकाला सगळी भूमिका पाठ आहे. सरांना मी सन्मानानं बाजूला करीन. उद्घाटनाला बोलवू, शाल नको, काहीतरी साधं करू. पण आधी तुमच्याकडून कळायला हवं. मुलगी म्हणून नाही, तंत्रज्ञ म्हणून."

मी म्हणाले, रंगीत तालमीनंतर सांगते. पुरावा नसताना मी बोलत नाही.

परत येऊन उपसंपादकाला मुद्दाम विचारले, संपादकाची भूमिका मिळाली तर कराल का? मला त्याचा चेहरा पाहायचा होता.

"मी?" तो म्हणाला. "तीन-तीन फोन उचलायचे? मला एक बायको पुरते." आणि निघून गेला. जाताना मात्र हसला नाही.

त्याला माहीत आहे की भूमिका त्याला मिळू शकते. तरी तो बाबांना दिवा दाखवतो. याचा अर्थ मला लागत नाही, आणि अर्थ न लागलेली गोष्ट मला आवडत नाही.

८ फेब्रुवारी

उद्या रंगीत तालीम. कपडे, दिवे, सगळे प्रयोगासारखे.

मी चाचणी ठरवली आहे. दुसऱ्या अंकात मालकांची एक घंटी मी वाजवणारच नाही. कोणालाही सांगायचे नाही. बाबा खरोखर माझी घंटी ऐकून काम करत असतील, तर फोन वाजला नाही म्हणून थांबतील, माझ्याकडे बघतील, दोष माझा ठरेल. दिव्यावर काम करत असतील, तर न वाजलेला फोन उचलतील आणि सगळ्यांसमोर उघडे पडतील. तिसरी शक्यता नाही.

चाचणी साधी आहे आणि तिच्यात मला काही खोट दिसत नाही.

९ फेब्रुवारी

जसे झाले तसे लिहिते.

दुसरा अंक. ठेकेदाराचा फोन चालू आहे. बाबा त्याला समजावताहेत : "साहेब, तुम्ही जिवंत आहात हे मला मान्य आहे. पण मृत व्यक्तीचा खुलासा छापायची आमच्याकडे पद्धत नाही." हे वाक्य ते फार चांगले म्हणतात. दिग्दर्शक, ज्याने ते शंभरदा ऐकले आहे, तोही हसला. इथे मालकांची घंटी. मी बटणावरचे बोट उचलले आणि मांडीवर ठेवले.

दिवा विझला, पेटला.

बाबांनी ठेकेदाराचा फोन छातीशी दाबला, दुसऱ्या हाताने मालकांचा फोन उचलला, ताडकन उभे राहिले. "साहेब! हो साहेब! मयत माणूस दुसऱ्या फोनवर आहे साहेब, त्यांना थांबवून ठेवलंय!"

शांतता होती. टायपिस्टचे हात यंत्रावर थिजले होते. उपसंपादक दिव्याच्या बटणावर बोट ठेवून तसाच. विंगेत आत्याने तोंडावर हात ठेवला. बाबा बोलत होते. न वाजलेल्या फोनवर, पूर्ण जोमाने, मालकांच्या शिव्या खाण्याच्या जागा बरोबर मोकळ्या सोडत, घाबरत, मान डोलवत. मग त्यांना टायपिस्टचा चेहरा दिसला. मग उपसंपादकाचा. वाक्य मधेच अडले. त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिले आणि वर पाहिले, सरळ हॉलच्या मागे माझी ध्वनीची खोली आहे तिच्या काचेकडे.

ते लबाडी पकडलेल्या माणसाचे बघणे नव्हते. आपले काय चुकले हे ज्याला कळलेले नाही आणि दुसऱ्याच्या तोंडावरून वाचायचे आहे, त्याचे होते.

तिसरी शक्यता होती. मी ती मांडलीच नव्हती.

ऐकू येणे कमी होऊ लागले की खालचे सूर शेवटपर्यंत टिकतात, वरचे आधी जातात. कानाबद्दल हे मी पहिल्या वर्षाला शिकले, परीक्षेत लिहिले, त्यावर गुण मिळवले. आणि बाबांना दुर्लक्ष करता येऊ नये म्हणून मालकांची घंटी मी वर, आणखी वर नेत गेले.

दिग्दर्शक उभा राहिला. "थांबा. घंटी वाजली का? मला नाही ऐकू आली. कोणाला आली?"

टायपिस्टने उपसंपादकाकडे पाहिले.

मी खोलीतल्या माइकवरून म्हणाले, "वाजली. रंगमंचावरच्या स्पीकरमधून वाजली, नटांना ऐकू गेली. हॉलचा स्पीकर बोलला नाही. चूक माझ्या यंत्राची आहे."

"हो की, आम्हाला आली ना," टायपिस्ट म्हणाली.

"चांगली खणखणीत," उपसंपादक म्हणाला. "माझा तर दिवा हलला."

दिग्दर्शकाने माझ्या काचेकडे बराच वेळ पाहिले. "म्हणजे इतके दिवस जे चाललंय ते तुमच्याकडचं?"

"माझ्याकडचं."

"तुम्ही तर म्हणाला होतात, यंत्रात दोष नाही."

"चुकीचं सांगितलं होतं."

तो म्हणाला, शुभारंभाला असे झाले तर दुसऱ्या प्रयोगाला दुसरा माणूस आणीन. मी म्हणाले, ठीक आहे.

कामाबाबत मी आजवर खोटे बोलले नव्हते. अवघड जात नाही असे दिसले.

१० फेब्रुवारी

घरी गेले. दार आत्याने उघडले आणि माझ्याकडे पाहून बाजूला झाली.

बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते, संहिता घेऊन. मी मागून हाक मारली नाही. वळसा घालून समोर गेले. ते दचकले, मग हसले. "ये. तुझा स्पीकर झाला का दुरुस्त?"

"झाला," मी सावकाश, तोंड नीट हलवून म्हणाले.

"असं बोबडं काय बोलतेस?"

आत्याने मला स्वयंपाकघरात नेले. ओटा पुसायला काही नव्हते तरी पुसत राहिली.

"कधीपासून?" मी विचारले.

"दोन वर्षं झाली. तुझा फोन आला की मला खुणावतो, घे म्हणून. तू काय बोलतेस ते विचारतो नंतर. सगळं. शब्दन् शब्द सांगावा लागतो मला." ती पुन्हा पुसू लागली. "यंत्र आणलंय कानाचं. चांगलं आहे. कपाटात आहे."

"घालत का नाहीत?"

"घातलं की दिसतं. दिसलं की तुमचा तो चिमुकला दिग्दर्शक बघणार. उभं आयुष्य लोक त्याच्याकडे बघत आले गं, त्याच्या कानाकडे कोणी बघितलं नव्हतं." मग एकदम भडकली. "आणि तू! एवढी शिकलेली, कानाचाच धंदा तुझा. मला वाटलं, पहिल्या दिवशी ओळखशील. मी दादाला म्हटलंही, तिला कशाला बोलावतोस, ती ओळखेल. तर म्हणाला, माझ्या नाटकाच्या घंट्या तिनं केलेल्या असू देत. अजून थोडं ऐकू येतंय तोवर."

मी विचारले, म्हणजे किती येतंय?

"तुझ्या घरच्या फोनची घंटी येते," आत्या म्हणाली. "ती फार गोड झालीय म्हणतो."

ती मी सगळ्यांत कमी वेळात केली होती.

१३ फेब्रुवारी

विचार केला. सूर खाली आणता येतील, पण तीन फोन कानाने वेगळे ओळखू आले पाहिजेत, नाहीतर नाटक राहत नाही. शिवाय आज खाली आणले तर उद्या आणखी खाली आणावे लागतील.

मुळात प्रश्न असा मांडायला हवा होता. फोन कधी उचलायचा हे बाबांना पाठ आहे. ओठ वाचून, माणसे कुठे उभी आहेत ते बघून त्यांना जागा बरोबर कळते. कळत नाही ते एवढेच की घंटी वाजली की नाही, आणि म्हणून ते घाबरून दिव्याची वाट बघत बसतात. तेव्हा त्यांनी घंटीची वाट बघायचीच नाही. घंटीने त्यांची बघायची. त्यांचा हात ज्या फोनकडे निघेल, तो फोन मी वाजवायचा.

यासाठी हात दिसला पाहिजे. मागच्या खोलीतून टेबलाची कड आडवी येते. घंट्या वाजवायचा ध्वनीचा मिक्सर उचलून बाजूच्या सज्जात नेला. दिग्दर्शकाला सांगितले, केबल लहान केली की बिघाड कमी होतात. दुसरे खोटे.

उपसंपादकाला म्हणाले, दिवा आता नको. अण्णांना सांगा, हवं तेव्हा फोन उचला, बाकीचं होईल. (मंडळी बाबांना अण्णा म्हणतात.)

"होईल म्हणजे कसं?"

मी सांगितले.

त्याने दिव्याचे बटण एकदा दाबून पाहिले. मग म्हणाला, "आणि तुमचा हात चुकला तर?"

"तर दुसऱ्या प्रयोगाला दुसरा माणूस येईल, त्याला हे माहीत नसेल, आणि त्यानंतर संपादक तुम्ही."

"नका हो असं भरल्या पोटी बोलू," तो म्हणाला. "हे कोणी ठरवलं म्हणून अण्णांना सांगू? माझं नाव सांगू का, तुमचं?"

"कोणाचंच नको."

१९ फेब्रुवारी

शुभारंभ. दुपारचा प्रयोग. हॉल भरला होता. अर्ध्या लोकांनी जुने नाटक पाहिलेले, अर्ध्यांनी असा फोनच पाहिलेला नाही.

मी सज्जात. समोर संहिता ठेवलीच नाही. बाबांचे दोन हात, तीन फोन, एवढेच बघायचे.

पहिल्या अंकात त्यांचा उजवा हात कागदावरून सुटला. कोपर वळायच्या आधी मी मालकांची घंटी दिली. ती वाजते न वाजते तोच फोन त्यांच्या कानाशी आणि बाबा उभे. प्रेक्षक खळखळून हसले. तालमीत इथे कधी एवढे हसू आले नव्हते. बाहेरून पाहिले तर असे दिसत होते की हा माणूस मालकाला इतका घाबरतो की घंटीच्या आधीच घंटी ऐकतो. दिग्दर्शक विंगेत मान डोलावत होता. त्याला वाटले, सरांनी शोधून काढलेली जागा आहे.

बाबा चाचपडत होते, हे फक्त मला दिसत होते. प्रत्येक वेळी ते आधी दिव्याकडे बघत, दिवा गप्प, मग जीव मुठीत धरून हात घालत. दुसऱ्या अंकात बघणे कमी झाले.

तिसऱ्या अंकात मी चुकले.

ठेकेदार प्रत्यक्ष कार्यालयात येतो त्याच्या आधी संपादक एकटे घाम पुसत बसलेले असतात. इथे एकही फोन वाजत नाही. बाबांचा हात निघाला आणि मी मालकांची घंटी दिली. हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला होता. पेला फोनशेजारी होता.

घंटी वाजत होती. बाबांना ती ऐकू येत नव्हती. हात पेल्यावर. समोरचे लोक हसू लागले, आणि ते हसू त्यांना दिसले. त्यांनी हात मागे घेतला. मी घाबरून घंटी बंद केली. लोक जोरात हसले.

बाबा थांबले. फोनकडे पाहिले. पेल्याकडे पाहिले. मग हळूच, एक बोट पुढे केले.

काय करायचे ते मला कळले नाही. माझ्या बोटाने वाजवले.

बोट मागे. बंद.

बोट पुढे. वाजली.

मागे. बंद.

हॉल हलत होता. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. बाबा आता फोनकडे बघतच नव्हते. ते लोकांचे चेहरे बघत होते आणि अंधारात, सज्जाच्या दिशेने, अंदाजाने. एकदा बोट निम्म्यावर नेऊन थांबवले. मीही घंटीचा अर्धाच ठोका दिला आणि थांबले. ही शिस्त नव्हे. संहितेत यातले काहीही नाही.

मग त्यांनी फोन उचलला. उभे राहिले नाहीत. मालकांच्या फोनवर संपादक बसून बोलतात असे नाटकात कुठेच नाही. कानाला लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोण? तू होय. बोल, ऐकतोय."

आणि थांबले. खरोखर कोणी बोलत असल्यासारखे, बराच वेळ. लोकही गप्प झाले.

"बरं," म्हणाले. फोन ठेवला. उपसंपादक दाराशी येऊन उभा होता, त्याच्या प्रवेशाची वेळ केव्हाच झाली होती. त्याने भीत भीत विचारले, "साहेब, मालक?"

"छे. घरचा होता," बाबा म्हणाले. "चुकून मालकांच्या फोनवर आला."

टाळ्या पडल्या. मला त्यात एवढा विनोद दिसला नाही. मिक्सरवरचे आकडे थोडा वेळ नीट वाचता येत नव्हते, पण पुढची घंटी वेळेवर दिली.

पडदा पडल्यावर खाली गेले. बाबांभोवती गर्दी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एक बोट किंचित पुढे केले, मग मागे घेतले. एवढेच. आत्या त्यांचा कोट हातात घेऊन रडत होती आणि कोटाला डाग पडतील म्हणून स्वतःलाच रागवत होती.

दिग्दर्शक धावत आला. "ते बोटाचं! मला न सांगता बसवलंत तुम्ही दोघांनी! दुसरा माणूस वगैरे विसरा. ते रोज हवं. आत्ताच्या आत्ता क्यू लिहून काढा, कुठल्या शब्दावर सुरू, कुठल्या शब्दावर बंद."

"लिहिता येणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"शब्दावर नाही ते. त्यांचा हात बघावा लागतो."

"प्रत्येक प्रयोगाला?"

"प्रत्येक प्रयोगाला," मी म्हणाले, आणि बाबांना दिसेल अशी उभी राहिले.